जड ट्रान्सफॉर्मर पेटीत पक्का कसा बसवावा? बोल्ट टिकला, तळ वाकला

वेटोळे

नमस्कार मंडळी,

दुरुस्तीच्या टेबलासाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची (मेन्सशी थेट जोड नसलेली वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची) पेटी केली आहे. आत १ केव्हीएचा टोरॉइड (बांगडीसारखा गोल ट्रान्सफॉर्मर), वजन काट्यावर साडेआठ किलो. पेटी लोखंडी पत्र्याची, ४०० × ३०० × २०० मिमी, पत्रा १८ गेज, म्हणजे जेमतेम १.२ मिमी. ट्रान्सफॉर्मर तळाच्या बरोबर मधोमध बसवला: एम८ चा एक बोल्ट, वर बशीसारखी पोलादी चकती, वर आणि खाली रबराची गादी. ट्रान्सफॉर्मरसोबत आलेलं सामान तसंच्या तसं वापरलं.

पेटी गाडीच्या डिकीत ठेवून नेली. पोचल्यावर झाकण उघडून तपासलं आणि परत लावायला गेलो तर स्क्रूची भोकंच जुळेनात. पेटी उलटी करून तळावर पट्टी धरली, तर मधोमध ४ मिमीचा फुगवटा बाहेर आलेला. बोल्टाला काही नाही, नट जागचा हललेला नाही, वाइंडिंगही (तारेची वेटोळी) दिसायला ठीक. वाकला तो फक्त पत्रा.

तीन शंका आहेत. एम८ ऐवजी एम१० बोल्ट घ्यावा का? पत्रा किती जाड हवा? आणि बोल्ट थोडा लांब घेऊन वर झाकणातूनही बाहेर काढला आणि तिथे नट लावला, तर ट्रान्सफॉर्मर वरून-खालून दोन्हीकडून धरला जाईल असं डोक्यात आहे. हे बरोबर आहे का?

---

जुना फिटर

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचे दोन थांबू शकतात. नाही. झाकणाला नट लावू नका. लावला असेल तर आत्ता काढा, आणि काढेपर्यंत प्लग लावू नका.

माझ्याकडून हे एकदा घडलं आहे. मी नट लावला नव्हता, फक्त बोल्ट गरजेपेक्षा लांब होता. टेबलावर झाकण उघडं ठेवून दोन दिवस पेटी चालवली, सगळं उत्तम. झाकण लावलं तेव्हा बोल्टाचं टोक आणि झाकण यांच्यात फार तर २ मिमी जागा असेल. झाकणाला आतून रंग होता, त्यामुळे टेकलं तरी काही झालं नसतं असं मी धरून चाललो. पेटी दोन-तीनदा इकडून तिकडे उचलली गेली, कुणीतरी तिच्यावर जड मीटर ठेवला, टोकाने रंग खरवडला. पुढच्या वेळी स्विच टाकला तसा ट्रान्सफॉर्मर असा गुरगुरला की मी मागे सरकलो. फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. झाकण काढून शोधायला बसलो तर दोष सापडेना, कारण झाकण काढलं की दोषच नाहीसा होत होता. शेवटी झाकणाच्या आतल्या बाजूला करंगळीच्या नखाएवढा निळसर-काळा डाग दिसला. बोल्टाच्या टोकावर तसाच जुळा डाग. तिथे लोखंड वितळून पुन्हा थिजलं होतं.

ट्रान्सफॉर्मर वाचला, पण तो फ्यूजच्या कृपेने. फ्यूज मोठा असता तर वाइंडिंग गेलं असतं.

---

नवशिका ४४

फिटरकाका, हे नीट कळलं नाही. बोल्टाला तर कुठलीच वायर जोडलेली नाही. मग त्यातून करंट येतो कुठून?

---

गाभा

मी सांगतो, वाइंडिंगचंच काम करतो.

टोरॉइडचा कोअर (आतलं लोखंड) म्हणजे बांगडी. तांब्याची तार बांगडीच्या भोकातून आत, बाहेरून वर, परत भोकातून आत, अशी फिरते. भोकातून एकदा जाऊन बाहेरून परत आलेलं कुठलंही वाहक हा त्या ट्रान्सफॉर्मरचा एक वेढा आहे. तो तांब्याचा असो की पोलादी बोल्टाचा, ट्रान्सफॉर्मरला फरक कळत नाही.

आता तुमचा बोल्ट बघा. भोकातून वर आला. झाकणाला लागला. झाकणातून बाजूच्या पत्र्यात, तिथून तळात, तळातून परत बोल्टाच्या मुळाशी. वेढा पूर्ण झाला, आणि तोही शॉर्ट केलेला.

किती व्होल्ट, हे स्वतः मोजता येतं. ट्रान्सफॉर्मर बंद असताना चांगल्या इन्सुलेशनची तार भोकातून एकदाच ओवा, दोन्ही टोकं मीटरला एसी व्होल्टवर जोडा, मग चालू करून लांबूनच वाचा. माझ्या टेबलावर १ केव्हीएचाच एक आहे, त्यावर ०.६ व्होल्ट आले. त्यावरून २३० व्होल्टच्या प्रायमरीला (मेन्सकडच्या वाइंडिंगला) साधारण ३८० वेढे असणार, हेही लगेच कळतं. ०.६ व्होल्ट वाचून कुणाला भीती वाटत नाही. पण पेटीच्या पत्र्याचा आणि सांध्यांचा मिळून रोध २ मिलिओहम धरला तर ०.६ भागिले ०.००२, म्हणजे ३०० अँपिअर. बोल्टाचं टोक वितळलं यात नवल नाही.

म्हणून टोरॉइडच्या मधल्या बोल्टाचं एकच टोक पेटीच्या धातूला लागलेलं असावं. दुसरं टोक मोकळं. मोकळं म्हणजे झाकण हाताने जोरात दाबलं तरी लागणार नाही इतकं मोकळं. मी १५ मिमी ठेवतो, आणि तेवढी जागा नसेल तर झाकणाच्या आतून बेकेलाइटचा तुकडा चिकटवतो. फक्त रंगावर किंवा चिकटपट्टीवर भरवसा नको.

---

जुना फिटर

यात माझी एक भर. बोल्ट उलटा घाला: डोकं वर चकतीवर आणि नट तळाखाली. मग बोल्ट थोडा लांब निघाला तरी जास्तीचे आटे पेटीच्या खाली, पायांच्या उंचीत राहतात. वरच्या बाजूला फक्त चपटं डोकं. माझ्या त्या पेटीत मी एवढं केलं असतं तर तो प्रकार झालाच नसता.

---

नवशिका ४४

आता कळलं, धन्यवाद. पण मग दुसरी शंका येते. ईआय पत्त्यांच्या (E आणि I आकाराच्या लोखंडी पत्त्या रचून केलेल्या) ट्रान्सफॉर्मरला चार बोल्ट कोअरमधून आरपार असतात आणि ते खाली पेटीला टेकतात. तिथे शॉर्ट वेढा का होत नाही? आणि काही ट्रान्सफॉर्मरभोवती तांब्याची रुंद पट्टी मुद्दाम गुंडाळून सोल्डर केलेली असते. तो तर उघड उघड शॉर्ट वेढा आहे ना?

---

गाभा

दोन्ही प्रश्न चांगले आहेत.

ईआयचे बोल्ट पत्त्यांच्या चार कोपऱ्यांत असतात. फ्लक्स, म्हणजे चुंबकीय प्रवाह, मधल्या खांबातून निघून दोन्ही बाजूंनी वळसा घालतो आणि कोपऱ्यात तो आतल्या कडेने वळतो. बाहेरच्या टोकाला त्याचं फारसं काम नसतं. दोन बोल्ट आणि दोन बाजूंच्या पट्ट्या मिळून जी चौकट होते तिच्यातून फारच थोडा फ्लक्स जातो, म्हणून लहान ट्रान्सफॉर्मरला चालून जातं. मोठ्यांत मात्र त्या बोल्टांवरही इन्सुलेशनची नळी आणि फायबरचे वॉशर घालतात. दुरुस्तीला उघडलेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तशी नळी दिसली तर ती परत घाला. “ही कशाला होती” म्हणून टाकून दिलेली मी पाहिली आहे. ट्रान्सफॉर्मर परत येतो तो तापतो अशा तक्रारीसह.

तांब्याची पट्टी कोअरच्या *बाहेरून* सगळ्याला वळसा घालते, खिडकीतून (खांबांमधल्या मोकळ्या जागेतून) जात नाही. मुख्य फ्लक्स तिच्या आत एका खांबातून वर जातो आणि बाजूच्या खांबांतून खाली येतो, म्हणजे बेरीज शून्य. उरतो तो फक्त बाहेर सांडणारा फ्लक्स. पट्टीत त्याच्यामुळे करंट फिरतो आणि तो करंट त्या सांडण्याला विरोध करतो. पट्टी असते त्यासाठीच.

टोरॉइडलाही हेच लावून बघा. वरून आडवी लोखंडी पट्टी टाकून तिचे दोन्ही पाय बाहेरून तळाला बोल्ट केले तर चालतं, कारण भोकातून काहीच गेलेलं नाही. नुसता मधला बोल्टही चालतो. पण मधला बोल्ट त्या आडव्या पट्टीलाही कसला की दोन्हीकडून एकेक शॉर्ट वेढा तयार होतो. वेगवेगळे निर्धोक, एकत्र आले की घात.

---

पत्रेकाम

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण हे माझं रोजचं काम.

वेटोळे, एम१० घेऊन काहीच साधणार नाही. तुमचा एम८ कुठे कमी पडला? हिशेब मांडू. पेटी ३० सेंमीवरून पडली आणि ५ मिमीत थांबली असं धरा. ३०० भागिले ५ म्हणजे गुरुत्वाच्या ६० पट झटका. साडेआठ किलोचा ट्रान्सफॉर्मर त्या क्षणी ५१० किलोसारखा वागतो, साधारण ५ किलोन्यूटन. ८.८ दर्जाचा एम८ बोल्ट कायमचा न ताणता २१ किलोन्यूटन सहज घेतो. म्हणजे चौपट ताकद शिल्लक आहे. एम६ नेसुद्धा भागलं असतं. ५१० किलो झेपले नाहीत ते १.२ मिमीच्या पत्र्याला, तेही मधोमध, जिथे तो सर्वांत लवचिक असतो.

पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. १.२ वरून २ मिमीला गेलात तर साडेचार पट, ३ मिमीला गेलात तर पंधरा पट. पण सगळी पेटी ३ मिमीची करायची गरज नाही, उगाच वजन वाढेल. मी असं करतो:

तळाच्या आतून दोन लोखंडी अँगल, २५ × २५ × ३, पेटीच्या पूर्ण रुंदीभर, *दोन्ही टोकं बाजूच्या पत्र्याच्या घडीपर्यंत पोचलेली*. हे महत्त्वाचं आहे. अँगल मध्येच संपला तर त्याच्या टोकाशी पत्रा वाकतो, आधी होता त्यापेक्षाही तीक्ष्ण कोनात. या दोन अँगलवर ३ मिमीची प्लेट, ट्रान्सफॉर्मरच्या व्यासापेक्षा सगळीकडून १०-१५ मिमी मोठी. ट्रान्सफॉर्मर प्लेटला कसायचा, प्लेट अँगलला, अँगल पेटीला. आणि पेटीचे पाय अँगलच्या टोकांच्या बरोबर खाली. मग वजन पत्र्यावर येतच नाही, ते अँगलमधून सरळ पायात उतरतं.

प्लेटला मधल्या बोल्टाचा नट खाली जायला जागा लागते, ती अँगलच्या उंचीतून आपोआप मिळते. झाकणापर्यंतची उंची मात्र आधी मोजून घ्या.

मधोमध बसवायचा हट्टही सोडा. एका बाजूच्या पायांच्या जवळ सरकवला तर तळ कमी वाकतो. फक्त मग उचलायची मूठ ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला घ्या, नाहीतर पेटी हातात एकदम कलंडते आणि मनगटाला हिसका बसतो.

---

रात्रपाळी

पत्रेकाम यांच्याशी पूर्ण सहमत. मोठे वॉशर वापरा हे मात्र राहिलं. पातळ पत्र्यात साधा वॉशर नटासकट आत ओढला जातो. बोल्टाच्या तिप्पट-चौपट व्यासाचा, २ मिमी जाडीचा वॉशर घ्या. आणि जड वस्तूला पत्र्यात घुसणारे सेल्फ टॅपिंग स्क्रू कधीच नकोत. १.२ मिमी पत्र्यात जेमतेम एक आटा धरतो.

---

वेटोळे

मंडळी, आभार. झाकणाचा बेत रद्द. मी खरंच भोक पाडायला ड्रिल हातात घेतलं होतं.

पुढचा प्रश्न. बोल्ट किती कसायचा? मी आत्तापर्यंत ‘हलणार नाही इतका’ कसला होता, पण पेटीला झालेला प्रकार पाहून आणखी आवळावंसं वाटतंय.

---

गाभा

आवळू नका. टोरॉइड बिघडायचं हे दुसरं मोठं कारण.

एम८ चा ८.८ बोल्ट पूर्ण कसायचा म्हणजे साधारण २५ न्यूटन-मीटर. तेवढ्या जोराने बोल्ट दीड टनाहून जास्त दाबतो. तो दाब लोखंडावर पडत नाही, तुमच्या तांब्याच्या तारेवर आणि तिच्यावरच्या पातळ इनॅमलवर पडतो. तारा एकमेकींवर आडव्या जातात तिथे दाब टोकदार होतो. आज काही दिसत नाही. ट्रान्सफॉर्मर तापतो, तांबं फुगतं, दाब आणखी वाढतो, रात्री थंड होतो, पुन्हा तापतो. मग कधीतरी शेजारचे दोन वेढे एकमेकांना लागतात. ५ न्यूटन-मीटरलाच तीनशे किलोच्या आसपास दाब मिळतो. उत्पादकाने आकडा दिला असेल तर तोच पाळा. नसेल तर रबर कडेला किंचित फुगलेलं दिसलं आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही हातांनी पिळून फिरत नसेल, तिथे थांबा.

जास्त वजनाचे किंवा गाडीत फिरणारे टोरॉइड घेताना मधलं भोक रेझिनने भरलेला प्रकार मागा. त्यात बोल्टाचा दाब रेझिनच्या खांबावर येतो, तारेवर नाही. मग निर्धास्तपणे कसता येतो.

---

जुना फिटर

आणि नट सुटू नये म्हणून जोर लावायची गरज नाही. त्यासाठी नायलॉक नट आहे, आत नायलॉनची कडी असलेला. नायलॉन साधारण १२० अंशांपर्यंत नीट धरतं, ट्रान्सफॉर्मरखाली तेवढं तापमान आलं तर नटापेक्षा मोठी अडचण आहे. एकदा काढलेला नायलॉक परत वापरू नका, पकड कमी झालेली असते. कसून झाल्यावर नटावरून प्लेटवर रंगाची एक सरळ रेघ ओढा. पुढे कधी उघडलीत तर पाना न लावता कळतं, नट फिरला की नाही.

---

शांत आवाज

मी अँप्लिफायर बनवतो, त्यामुळे माझी काळजी वेगळी: गुणगुण. पेटी पक्की केली की पुष्कळदा आवाज वाढतो, आणि लोकांना वाटतं ट्रान्सफॉर्मर खराब आहे.

५० हर्ट्झच्या मेन्सवर कोअर दर अर्ध्या लाटेला किंचित लांबतो-आखडतो, म्हणून ऐकू येतो तो आवाज १०० हर्ट्झचा. ट्रान्सफॉर्मर स्वतः बारीक बोलतो. मोठ्याने बोलतो तो पत्रा. मोठा सपाट पत्रा म्हणजे ढोलाचं पान. खात्री करायची तर ट्रान्सफॉर्मर पेटीतून काढून जाड घडी घातलेल्या कापडावर ठेवा, उघडी टोकं नीट झाकून चालू करा आणि ऐका. कापडावर शांत आणि पेटीत गोंगाट असेल तर दोष बसवण्यात आहे. कापडावरही तेवढाच आवाज असेल तर कोअर, वार्निश किंवा मेन्समध्ये शिरलेला थोडा डीसी. टोरॉइडला मेन्समधला थोडासा डीसीही सोसत नाही.

पेटीतला आवाज असेल तर ईआय ट्रान्सफॉर्मरच्या चार पायांखाली रबरी ग्रोमेट (भोकात बसणारी खाचेची कडी) घाला आणि प्रत्येकात धातूची छोटी नळी, म्हणजे बोल्ट नळीवर कसला जातो आणि रबर चिरडत नाही. नळी न घालता कसलंत तर रबर पूर्ण दबून लाकडासारखं होतं आणि मग ते काहीच गिळत नाही. रबर नेहमीच्या नैसर्गिक रबराचं नको, उष्णतेने ते कडक होऊन तडकतं. निओप्रिन चांगलं, फार गरम होणाऱ्या जागी सिलिकॉन.

अजून एक. टोरॉइडमधून वायरी जिथे बाहेर येतात त्या बाजूला बाहेर सांडणारं चुंबकीय क्षेत्र जास्त असतं. बोल्ट शेवटचा कसण्याआधी ट्रान्सफॉर्मर थोडा थोडा फिरवून, अर्थात दर वेळी वीज बंद करून, स्पीकरमधली गुणगुण सर्वांत कमी कुठे होते ते शोधा. मी एका पेटीत ३० अंश फिरवल्यावर जी शांतता मिळाली ती महिनाभर वायरिंग बदलून मिळाली नव्हती. ती जागा स्केचपेनने खूण करून मगच कसा.

---

अर्थिंग आधी

रबर घाला, पण रबर घातल्याने तुम्ही ईआय ट्रान्सफॉर्मरचा कोअर पेटीपासून तोडला हे लक्षात आहे का? आधी कोअर बोल्टांमधून अर्थ होत होता, आता तो तरंगतो. प्रायमरी कधी कोअरला लागली तर कोअरवर पूर्ण मेन्स व्होल्टेज, आणि फ्यूज उडणार नाही. कोअरपासून पेटीच्या अर्थपर्यंत वेगळी हिरवी-पिवळी तार ओढा, थोडी ढिली, म्हणजे ट्रान्सफॉर्मर हलला तरी ताणणार नाही.

आणि पेटीच्या मुख्य अर्थसाठी स्वतंत्र बोल्ट. ट्रान्सफॉर्मर कसलेल्या बोल्टाखाली अर्थचा लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) घालणं सोपं वाटतं, मीही सुरुवातीला तसंच करायचो. पण त्या सांध्यात रबर असतं, ते कालांतराने बसतं, सांधा ढिला होतो, आणि ट्रान्सफॉर्मर काढला की अर्थही सुटतो. लगाखालचा रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर, लग, वॉशर, नट, वर आणखी एक नट. मग प्लगच्या अर्थ पिनेपासून पेटीच्या उघड्या धातूपर्यंत रोध मोजा. उपकरणांच्या चाचणीत ०.१ ओहमची मर्यादा पुष्कळ ठिकाणी धरतात आणि ती २५ अँपिअर सोडून तपासतात. साध्या मीटरने एवढं कमी नीट वाचता येत नाही, पण दीड-दोन ओहम दिसले तर सांधा नक्की वाईट आहे.

झाकणालाही वेगळी तार. बिजागरी म्हणजे अर्थिंग नव्हे.

वेटोळे, तुमचा आयसोलेशन आहे म्हणून मुद्दाम लिहितो: पेटी अर्थ करा, सेकंडरी (बाहेर वीज देणारं वाइंडिंग) नाही. सेकंडरीचं एक टोक पेटीला जोडलंत तर आयसोलेशन संपलं.

---

वेटोळे

हे लिहिलंत ते बरं झालं. सेकंडरी मोकळीच आहे, आत्ता मीटरने पुन्हा तपासली.

---

रात्रपाळी

माझ्याकडे भिंतीवरच्या पॅनेलमध्ये बसवलेले ट्रान्सफॉर्मर येतात, त्याबद्दल थोडं. तिथे वजन खाली दाबत नाही, आतल्या उभ्या प्लेटवर लटकतं. टोरॉइड उभ्या प्लेटवर एका बोल्टावर बसवला की त्याला धरून ठेवतं ते फक्त रबराचं घर्षण. सुरुवातीला घट्ट असतो. उन्हाळे-हिवाळे जातात, रबर बसतं, आणि तो मिलिमीटर-मिलिमीटर खाली सरकतो. मी उघडलेल्या एका पॅनेलमध्ये वायरी वीणेच्या तारांसारख्या ताठ झाल्या होत्या आणि एक तर पत्र्याच्या कडेवर टेकून तिचं इन्सुलेशन अर्धं कापलं गेलं होतं. म्हणून उभ्या प्लेटवर खालून आधाराचा अँगल द्या, त्यावर रबराची पट्टी, आणि मग मधला बोल्ट. अँगल फक्त बाहेरच्या कडेला लागतो, भोकातून जात नाही, त्यामुळे वर सांगितलेला शॉर्ट वेढा होत नाही. शक्य असेल तर सर्वांत जड वस्तू पॅनेलच्या तळाशीच ठेवा. दारावर कधीच नको.

वायरींना हातभर नाही, पण बोटभर ढील ठेवा, आणि पत्र्यातून जातात तिथे आधी भोकाची बर (कडेची धारदार कुसळं) कानशीने काढा, मग ग्रोमेट.

उष्णतेचा हिशेबही याच वेळी करा. १ केव्हीए, कार्यक्षमता ९५ टक्के धरली तर पूर्ण लोडवर ५० वॉट पेटीतच राहतात. वेटोळेंच्या पेटीचं एकूण पृष्ठफळ ०.५२ चौरस मीटर, तळ सोडून ०.४०. रंगवलेला पत्रा एका अंशामागे दर चौरस मीटरला साधारण ५.५ वॉट बाहेर टाकतो. म्हणजे बंद पेटीतली हवा बाहेरपेक्षा २२-२३ अंशांनी गरम, आणि ट्रान्सफॉर्मर स्वतः त्याहून वर. बी वर्गाचं इन्सुलेशन १३० अंशांचं असतं, तेव्हा हे चालण्यासारखं आहे. पण हीच पेटी निम्म्या मापाची असती तर मी झरोके पाडायला सांगितले असते, खाली आणि वर दोन्हीकडे, आणि ट्रान्सफॉर्मरचा मुख्य भाग झरोक्यांच्या वाटेत.

पेटी आयपी ६५ किंवा ५४ (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) असेल तर तळात पाडलेलं प्रत्येक भोक तो दर्जा घालवतं. आतून वेल्ड केलेले स्टड असतील तर तेच वापरा. बाहेरून बोल्ट घालावाच लागला तर रबर लावलेला वॉशर बाहेरच्या बाजूने.

---

नवशिका ४४

प्लॅस्टिकच्या पेटीत बसवला तर शॉर्ट वेढ्याचा प्रश्नच मिटतो ना?

---

पत्रेकाम

तो मिटतो, दुसरा उभा राहतो. प्लॅस्टिक उबेत आणि सततच्या वजनाखाली हळूहळू बसत जातं. बोल्टाखालचा भाग दबतो आणि नट न फिरताही ढिला होतो. किलोभराच्या वर गेलात तर आत धातूची प्लेट टाकून वजन चारही कोपऱ्यांतल्या खांबांवर द्या, आणि त्या प्लेटला अर्थ. ५ किलोच्या पुढे मी प्लॅस्टिक घेतच नाही.

---

वेटोळे

सर्वांनी सांगितलेलं करून आलो.

तळ लाकडी ठोकळ्यावर ठेवून लाकडी हातोडीने सरळ केला. पूर्ण नाही झाला, अर्धा मिमी राहिला. दोन २५ चे अँगल आडवे टाकले, दोन्ही टोकं घडीपर्यंत. वर ३ मिमीची १९० मिमी चौरस प्लेट. पाय अँगलच्या टोकांखाली हलवले. बोल्ट डोकं वर, नट खाली. डोक्यापासून झाकणापर्यंत मोजलं तर ४८ मिमी, झाकणावर दोन्ही हातांनी भार दिला तरी ४० च्या खाली येत नाही. तरी बेकेलाइटचा १०० मिमीचा चौकोन आतून लावला. अर्थसाठी मागच्या कोपऱ्यात स्वतंत्र एम६, झाकणाला वेगळी तार.

झाकण लावायच्या आधी गाभा यांनी सांगितलेली तार ओवून मोजलं. माझ्याकडे ०.५८ व्होल्ट आले. मग झाकण लावलं, चालू केलं. आवाज ऐकायला कान पेटीला टेकवावा लागतो.

एक शंका राहिली. पेटी हातभर उंचीवरून टाकून तपासावी का?

---

जुना फिटर

मुद्दाम टाकू नका, वाइंडिंगला त्याचा काही उपयोग नाही. प्लग काढून पेटी चारही बाजूंवर आडवी-उभी ठेवा, प्रत्येक बाजूवर पाच मिनिटं, आणि नंतर तळावर पुन्हा पट्टी धरा. तेवढं पुरे. महिन्याभराने रेघ बघा.

---

वेटोळे

महिना झाला म्हणून कळवतो. मधल्या काळात पेटी दोनदा गाडीतून गेली. तळ पट्टीला तसाच, अर्धा मिमी होता तो अर्धाच. रेघ नटावर आणि प्लेटवर तंतोतंत जुळलेली, म्हणजे नट फिरलेला नाही. तरीही ट्रान्सफॉर्मर दोन्ही हातांनी पिळला तर केसभर फिरत होता. वरची रबराची गादी कॅलिपरने मोजली: बसवताना ३.० मिमी लिहून ठेवली होती, आता २.६. नट पाव फेरा कसला, फिरणं थांबलं. जुनी रेघ पुसून नवी ओढली आहे आणि शेजारी तारीख लिहिली आहे.

---

गाभा

नव्या रबराचं पहिल्या काही तापण्यांत असंच होतं. अजून महिन्याने एकदा बघा. तेव्हाही २.६ च असेल तर ते बसलं.